देखरेखीचे मोल आणि टक्क्यांचा हिशेब

शहराच्या पाणीपुरवठा योजनेतील जुनी साठवण टाकी पाडून तिच्या जागी नवी बांधण्याचे ठरते, तेव्हा पालिकेच्या सभेत चर्चा होते ती टाकीच्या क्षमतेची, जागेची, निविदेतील दराची आणि अनुदानात पालिकेला भराव्या लागणाऱ्या हिश्शाची. बांधकाम चालू असताना ते पाहणारा अभियंता कोण, तो किती दिवस जागेवर असणार आणि त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, हा प्रश्न मात्र अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर एका टक्केवारीने निकालात काढलेला असतो. सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांच्या मुख्य शहरांत पाणीयोजनांची मोठी कामे अलीकडे झाली आहेत, काही चालू आहेत आणि जुन्या टाक्यांचे आयुष्य संपत आल्याने आणखी काही अटळ आहेत. म्हणून त्या एका टक्केवारीची चिकित्सा येथे करावयाची आहे. देखरेखीचा खर्च बांधकामाच्या किमतीच्या टक्क्यांत मोजण्याची रीत मुळातच सदोष असून, तो कामाच्या दिवसांत आणि पुढे झाकल्या जाणाऱ्या टप्प्यांत मोजला तरच त्यावर खरे नियंत्रण राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

देखरेखीचा खर्च म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण व्यवहारात या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. पालिकेच्या स्वतःच्या कनिष्ठ अभियंत्याचा आणि उपअभियंत्याचा वेळ हा त्यातला पहिला भाग. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे पालिकेच्या वतीने काम पाहण्यासाठी नेमलेली खासगी संस्था, हिचे शुल्क हा दुसरा. त्रयस्थ तांत्रिक तपासणी, म्हणजे ठेकेदार आणि पालिका या दोघांशीही संबंध नसलेल्या संस्थेकडून करून घेतलेली पडताळणी, हा तिसरा. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून उभे असल्यामुळे या दोन जिल्ह्यांना अशा तपासणीसाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची गरज पडत नाही. वाळू, सिमेंट, सळई आणि काँक्रीट यांच्या प्रयोगशाळेतील चाचण्या हा चौथा भाग. आणि पाचवा, ज्याची नोंद कुठेच होत नाही, तो म्हणजे मुदत लांबल्यामुळे हे सर्व खर्च पुन्हा पुन्हा करावे लागण्याचा भार. यांपैकी पहिला आणि पाचवा भाग अंदाजपत्रकात दिसतच नाही, दुसरा टक्केवारीत दिसतो, आणि तिसरा-चौथा बहुधा ठेकेदाराच्याच देयकातून वळता केला जातो. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच पैशातून परीक्षकाचे मानधन निघावे, ही व्यवस्था किती काळ निर्दोष राहील याचा विचार फारसा झालेला नाही.

टक्केवारीचा उगम समजून घेण्यासाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे पाहावे लागते. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्र पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ म्हणून स्थापन झालेल्या आणि १९९७ मध्ये आजचे नाव मिळालेल्या या संस्थेने राज्यातील बहुसंख्य शहरांच्या पाणीयोजना आखल्या आणि बांधल्या. पालिकेसाठी केलेल्या कामावर प्राधिकरण दीर्घकाळ १७.५ टक्के शुल्क आकारत आले, आणि त्याला आस्थापना, हत्यारे व संयंत्रे यांचा खर्च असे नाव होते. त्यामागची कल्पना त्या काळाला साजेशी होती. शासनाचे अभियंते कायम नोकरीत होते, त्यांच्या पगाराचा बोजा कोणत्या तरी कामावर टाकणे भाग होते, आणि वर्षभरात होणाऱ्या एकूण कामाच्या प्रमाणात तो वाटून देणे हा हिशेबाचा सोपा मार्ग होता. संस्थेच्या ताळेबंदासाठी हे गणित योग्यही होते. परंतु संस्थेचा एकूण खर्च भागवण्यासाठी काढलेला सरासरी आकडा जेव्हा एकेका टाकीवरील देखरेखीची किंमत म्हणून वापरला जाऊ लागला, तेव्हा त्याचा अर्थ बदलला. आणि पुढे खासगी सल्लागार आले, स्पर्धेत टक्का खाली येत गेला, तरी मोजण्याची रीत तीच राहिली.

या रीतीतील दोष एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, शहराच्या एखाद्या पेठेत १० लाख लिटर क्षमतेची उंच टाकी अडीच कोटी रुपयांत बांधायची आहे, मुदत १८ महिन्यांची आहे आणि देखरेखीसाठी ३ टक्के, म्हणजे साडेसात लाख रुपये ठरले आहेत. जागेवर पूर्णवेळ एक अभियंता ठेवायचा आणि प्रवासभत्त्यासह त्याच्यावर दरमहा ४५ हजार रुपये खर्च करायचा म्हटले, तर १८ महिन्यांचे ८ लाख १० हजार होतात. चाचण्या, संरचना सल्लागाराच्या भेटी, कार्यालयीन खर्च आणि सल्लागार संस्थेचा नफा यांना त्यात एक रुपयाही उरत नाही. तेव्हा ही रक्कम स्वीकारणारी संस्था पूर्णवेळ अभियंता देणारच नाही, हे करार होतानाच ठरलेले असते. सहीपुरता माणूस येईल, आणि मोजमाप पुस्तक, म्हणजे ज्या नोंदवहीतील मोजमापांवर ठेकेदाराचे देयक निघते ते पुस्तक, कार्यालयात बसून भरले जाईल. आता तोच ३ टक्के १०० कोटींच्या जलवाहिनीच्या कामाला लावला, तर ३ कोटी होतात. नळाच्या खरेदीचीच किंमत मोठी असल्यामुळे कामाचा आकडा फुगलेला असतो आणि प्रत्यक्ष पाहण्याचे काम त्या प्रमाणात वाढलेले नसते. एकाच टक्केवारीने लहान काम उपाशी राहते आणि मोठ्या कामात पैसा शिल्लक पडतो.

याहून गंभीर दोष हेतूचा आहे. बांधकामाची किंमत वाढली की देखरेख करणाऱ्याचे शुल्क आपोआप वाढते, म्हणजे खर्च आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचेच उत्पन्न खर्च वाढण्याशी जोडलेले राहते. उलट, किंमत न वाढता केवळ मुदत लांबली, तर त्याच्या पदरात जास्तीचे काही पडत नाही. त्यामुळे अठराव्या महिन्यानंतर तो आपला माणूस काढून घेतो, आणि काम मात्र त्याच वेळी घुमट, नळजोडणी आणि जलचाचणी या सर्वांत नाजूक टप्प्यावर आलेले असते. प्रत्येक अभियंता या मोहाला बळी पडतो असा याचा अर्थ मुळीच नाही. अनेकजण तोट्यात राहूनही जागा सोडत नाहीत. पण सार्वजनिक कामाची रचना व्यक्तीच्या सचोटीवर अवलंबून ठेवणे हा त्या सचोटीवरही अन्याय आहे.

साताऱ्याच्या कास धरणाचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. शहराच्या पश्चिमेला, जागतिक वारसा स्थळांत २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या पठाराच्या अंगाला असलेला हा ब्रिटिशकालीन तलाव पालिकेच्या मालकीचा आहे, आणि तेथील पाणी उताराने, विजेविना शहरात येते. पंपावर चालणाऱ्या शहापूर योजनेशी तुलना करता हा फायदा केवढा मोठा आहे, हे विजेच्या बिलांवरून पालिकेला चांगले ठाऊक आहे. वाढत्या शहरासाठी या तलावाच्या बांधाची उंची वाढवून साठा सुमारे पाचपट करण्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. मूळ अंदाज चाळीस-बेचाळीस कोटींच्या घरातला होता. पुढे राज्य शासनाकडून पन्नास कोटींहून अधिक वाढीव निधी मिळवावा लागला आणि काम अनेक हंगाम चालले. नगरपालिकेकडे धरणबांधणीचा अनुभव असलेला अभियंतावर्ग असण्याचे कारण नाही, त्यामुळे जलसंपदा खात्याचे तांत्रिक साहाय्य अपरिहार्य होते, आणि त्यात गैर काही नव्हते.

या कामातून खर्चवाढीबद्दल कोणाला दोष द्यायचा हा येथील मुद्दा नाही. पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्याला पर्याय, बदललेले दर, २०२० ची टाळेबंदी अशी कारणे कोणत्याही धरणाच्या वाट्याला येऊ शकतात. लक्षात घ्यायचे ते कासच्या पावसाचे गणित. सह्याद्रीच्या माथ्यावर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मातीकाम अशक्य असते, म्हणजे वर्षात कामाचा हंगाम सहा-सात महिन्यांचाच. अशा ठिकाणी एखादी परवानगी किंवा एखादा हप्ता दोन महिने उशिरा आला तर विलंब दोन महिन्यांचा राहत नाही; हंगामाचा शेवट हुकला की तो थेट पुढच्या पावसाळ्यापलीकडे जातो. त्या मधल्या काळात देखरेखीची आस्थापना मोडायची की राखायची? मोडली, तर पुढच्या हंगामात येणारा अभियंता नवा असतो आणि पायाच्या खोदाईत काय सापडले होते याची आठवण कोणालाच नसते. राखली, तर कामाविना खर्च चढतो. टक्केवारीच्या करारात या प्रश्नाचे उत्तरच नाही, कारण त्यात दिवस ही वस्तू मोजलेलीच नसते. धरणाचा साठा वाढला तरी जुनी जलवाहिनी ते पाणी वाहून नेण्यास अपुरी पडली आणि तिचे स्वतंत्र काम हाती घ्यावे लागले, हीही ध्यानात ठेवण्याची गोष्ट आहे. बांध, वाहिनी, शुद्धीकरण केंद्र आणि पेठापेठांतील टाक्या यांची देखरेख चार वेगळ्या करारांत, चार वेगळ्या टक्क्यांत विभागली गेली, तर त्यांची सांगड घालणे हे कोणाच्याच कामाचा भाग होत नाही.

सांगलीची अडचण निराळ्या प्रकारची आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकत्रित महापालिका १९९८ मध्ये झाली, म्हणजे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी बांधलेल्या यंत्रणा एका छत्राखाली आल्या. कृष्णेतून उचललेले पाणी माळ बंगल्यावरील केंद्रात शुद्ध होऊन टाक्यांत चढते. या टाक्यांखालच्या काळ्या मातीत पायाची खोली आणि त्या मातीचा फुगण्या-आकसण्याचा स्वभाव यांकडे दुर्लक्ष केले, तर टाकीचे खांब कितीही भक्कम असोत, असमान खचण्याने तडे जातात. शिवाय नदीचा पूर आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि २०२१ मध्ये शहराने पुन्हा मोठा पूर पाहिला. अशा प्रसंगी बांधकामावरील अभियंताच काय, महापालिकेचा प्रत्येक कर्मचारी पूरकामाला जुंपला जातो आणि टाकीचे काम नोंदीविना पुढे सरकते किंवा जागच्या जागी थांबते. साताऱ्यात पाऊस हंगाम ठरवतो, सांगलीत पूर हंगाम मोडतो. दोन्हीकडे देखरेखीच्या खर्चाचे खरे एकक काळ हेच आहे.

मग देखरेख मोजायची कशी? त्यासाठी टाकीच्या बांधकामात नेमके काय पाहायचे असते, ते जवळून पाहिले पाहिजे. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी भारतीय मानक ३३७० आहे, आणि त्यानुसार सळईयुक्त काँक्रीट किमान एम ३० प्रतीचे, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसणारे असावे लागते. टाकीच्या भिंतीचा एक थर ओतायचा असतो त्या दिवशी सेंट्रिंगच्या फळ्यांच्या सांध्यांतून सिमेंटचे पाणी गळते का, सळई आणि फळी यांच्यात अंतर राखणारे कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का, आधीच्या थराशी होणाऱ्या सांध्यात पाणी अडवणारी पट्टी वाकलेली किंवा फाटलेली नाही ना, व्हायब्रेटरची सुई कोपऱ्यापर्यंत पोचते का, आणि मिश्रण घट्ट वाटते म्हणून कामगार मिक्सरमध्ये वरून बादलीभर पाणी ओतत नाहीत ना, या पाच गोष्टी त्या चार-सहा तासांतच पाहता येतात. मानक ४५६ नुसार २० घनमीटर काँक्रीट ओतले तर किमान ३ नमुने, म्हणजे प्रत्येकी तीन याप्रमाणे ९ ठोकळे भरून ठेवावे लागतात. ते ठोकळे ओतकामाच्या मिश्रणातूनच भरले की वेगळ्या, चांगल्या मिश्रणातून, हेही समोर उभा असलेल्या माणसालाच कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यांआड सर्व सारखेच दिसते, आणि फळ्या काढल्यावर दिसणारी भोके गिलाव्याच्या एका हाताने बुजतात. आत राहिलेली पोकळी आठ-दहा वर्षांनी गंजलेल्या सळईच्या रूपाने बाहेर येते, तोपर्यंत दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, केव्हाच संपलेली असते.

यातून खर्चाच्या नियोजनाचे सूत्र निघते. टाकीच्या १८ महिन्यांत म्हणजे सुमारे ५४० दिवसांत पूर्णवेळ हजेरी अत्यावश्यक असलेले दिवस थोडे असतात: पायाच्या खड्ड्यातील थर तपासण्याचा दिवस, पायाची सळई आणि ओतकाम, खांबांचा प्रत्येक टप्पा, आडव्या पट्ट्या, तळ, भिंतीचे थर, घुमट, नळ भिंतीतून बाहेर पडतात तेथील जोड, आणि शेवटची जलचाचणी. उदाहरणादाखल असे ७० दिवस धरले आणि त्याखेरीज आठवड्यातून एक भेट, म्हणजे सुमारे ७८ भेटी धरल्या, तर एकूण हिशेब दीडशे दिवसांच्या आतबाहेर येतो. ५४० दिवसांचा पूर्णवेळ अभियंता परवडत नाही म्हणून देखरेखच सोडून देण्यापेक्षा दीडशे दिवसांची निश्चित, तारीखवार देखरेख विकत घेणे हे पालिकेला परवडणारेही आहे आणि गुणवत्तेच्या दृष्टीने अधिक उपयोगाचेही. करारात अट एवढीच हवी की या यादीतील टप्पा देखरेख अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाणार नाही, आणि ठेकेदाराने त्याची सूचना ठरावीक दिवस आधी द्यावी. साताऱ्यातील पेठांमधील टाक्या एकमेकींपासून फार दूर नाहीत. तीन टाक्यांची कामे एकाच वेळी निघाली आणि त्यांच्या ओतकामाच्या तारखा एकमेकींवर न येतील अशा लावल्या, तर एकच जाणकार अभियंता तिन्ही कामे पाहू शकतो. आज तीन निविदांना तीन सल्लागार किंवा एकाच सल्लागाराचे तीन वेगळे टक्के लागतात.

जुन्या टाकीच्या जागी नवी बांधण्यात आणखी एक गुंता असतो, आणि अंदाजपत्रकात तो क्वचितच उतरतो. नवी टाकी पूर्ण होईपर्यंत जुनी, गळकी, सळया उघड्या पडलेली टाकी चालू ठेवावी लागते. जागाच नसेल तर आधी ती पाडून त्या भागाला तात्पुरत्या वाहिनीने थेट पाणी द्यावे लागते, आणि मग दाब व वेळापत्रक दोन्ही बिघडतात. प्रत्येक महिन्याच्या विलंबाची किंमत त्या पेठेतील घरांना पाण्याच्या टँकरने आणि अवेळी उठून भरलेल्या भांड्यांनी चुकवावी लागते. ही किंमत देखरेखीच्या हिशेबात धरली, तर मुदतीत काम पुरे करून घेणारा अभियंता स्वस्त ठरतो.

शेवटच्या जलचाचणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण देखरेखीचा पैसा नेमका येथेच संपलेला असतो. मानक सांगते की बाहेरचा पृष्ठभाग उघडा असलेली टाकी पूर्ण भरून सात दिवस काँक्रीटला पाणी शोषू द्यावे, आणि त्यापुढचे सात दिवस निरीक्षण करावे. त्या काळात बाहेरून ओल दिसता कामा नये. दहा लाख लिटरच्या टाकीसाठी तेवढे पाणी दोन आठवडे अडकवून ठेवणे हे टंचाईच्या दिवसांत कोणत्याही पाणीपुरवठा अभियंत्याला जड जाते. एप्रिल-मे मध्ये पूर्ण झालेल्या टाकीची चाचणी पावसाळ्यावर ढकलली जाते, पावसात भिंतीवरची ओल आतली की बाहेरची हे ठरत नाही, आणि दिवाळीपर्यंत लोकांचा रेटा वाढल्याने चाचणीविनाच पाणी सोडले जाते. कराराच्या पहिल्याच दिवशी या चौदा दिवसांची तारीख, पाण्याची तरतूद आणि अभियंत्याचे मानधन बाजूला काढून ठेवले असेल, तर ही पळवाट राहत नाही. मोठ्या खर्चाच्या कामात एवढी लहान तरतूद कोणी करत नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

दिवसांच्या हिशेबावर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की दिवसाला पैसे मिळू लागले तर सल्लागारच काम रेंगाळत ठेवील. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच दिवसांना कमाल मर्यादा हवी आणि ती ओलांडण्याआधी मंजुरी हवी. अमेरिकेतील अनेक शहरांत सल्लागाराच्या करारात अशी कमाल रक्कम लिहिलेली असते आणि वाढ हवी असल्यास नगर परिषदेपुढे कारणांसह प्रस्ताव आणावा लागतो. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने १८९४ मधील उघडे जलाशय काढून त्यांच्या जागी भूकंपात टिकेल असा जमिनीखालचा जलाशय बांधायला घेतला, तेव्हा जुन्या भूस्खलनाच्या उतारावरील त्या कामाला सुमारे दशक लागले. काम लांबतेच, लांबण्याचे कारण आणि त्याची किंमत लोकप्रतिनिधींसमोर वेळच्या वेळी येते की नाही, एवढाच फरक असतो. आपल्याकडे सुधारित प्रशासकीय मान्यता बांधकामाच्या वाढीव खर्चासाठी घेतली जाते. देखरेखीचे दिवस का वाढले याचा स्वतंत्र खुलासा तीत नसतो.

येथे मुदतवाढीच्या जबाबदारीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी-१ प्रकारच्या निविदेतील दुसरे कलम विलंबासाठी दररोज एक टक्क्यापर्यंत आणि एकूण दहा टक्क्यांपर्यंत भरपाई आकारण्याची मुभा देते, तर अडतिसावे कलम ठरलेल्या परिमाणाच्या १२५ टक्क्यांपलीकडील कामाला वेगळा दर लावते. ही हत्यारे आहेत, पण विलंबाची भरपाई बहुधा नाममात्र आकारून मुदतवाढ दिली जाते, कारण विलंबात पालिकेचाही वाटा असतो: जागेचा ताबा उशिरा, आराखडा उशिरा, देयक उशिरा. म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक आदेशात विलंबाचे दिवस पालिकेचे किती, ठेकेदाराचे किती आणि निसर्गाचे किती हे मोजून लिहावे, आणि ठेकेदाराच्या दिवसांपुरता देखरेखीचा प्रत्यक्ष खर्च त्याच्या देयकातून वजा करावा. दंड म्हटले की वाद होतो आणि प्रकरण लवादापर्यंत जाते. प्रत्यक्ष झालेल्या, आधी जाहीर केलेल्या दराच्या खर्चाची वसुली टिकण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. देखरेखीवर कितीही खर्च केला तरी पाहणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार नसेल तर उपयोग काय, असा तो आहे, आणि महाराष्ट्राचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत धरण शासनाच्या स्वतःच्या अभियंत्यांच्या देखरेखीखालचे काम होते. तेथे माणसांची वाण नव्हती. पाणी बाहेर सोडणाऱ्या व्यवस्थेचे काम अपुरे असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवण्याची घाई झाली, आणि पुणे शहराने त्याची किंमत मोजली. कृष्णा खोऱ्यातील पाणी बच्छावत लवादाने दिलेल्या मुदतीत, म्हणजे २००० पर्यंत अडवण्यासाठी १९९६ मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि सातारा-सांगलीत एकाच वेळी असंख्य कामे निघाली. पुढे सिंचनातील खर्चवाढीची चौकशी माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला करावी लागली. या उदाहरणांवरून असे दिसते की देखरेखीला तारखेचा रेटा सोसण्याचे बळ करारानेच द्यावे लागते. टप्प्यावरील लेखी संमती ही अट त्यासाठीच हवी: ती नसेल तर त्या टप्प्याचे देयक लेखा विभागाने अडवावे, म्हणजे अभियंत्याला एकट्याने कोणाशी भांडावे लागणार नाही. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर या पट्ट्यात पाण्याने भरलेली उंच टाकी ही भूकंपाच्या दृष्टीने जोखमीची रचना आहे हे तर विसरताच येत नाही. खांब आणि आडव्या पट्ट्या यांच्या जोडातील सळईची बांधणी तेथे जीव वाचवते किंवा घेते.

तिसरा आक्षेप पैशाचा. लहान पालिकांना हे परवडणार नाही, असे सांगितले जाते. कराडजवळच्या मलकापूरने मात्र सातारा जिल्ह्यातच चोवीस तास, मीटरने मोजलेले पाणी देणारी योजना प्राधिकरणाच्या साहाय्याने उभी केली आणि तिची दखल देशपातळीवर घेतली गेली. वाहिनीत सतत दाब राहणारी अशी योजना गळकी जोडणी लपवू देत नाही. त्यामुळे तेथे प्रत्येक जोड जमिनीत गाडण्यापूर्वी तपासणे ही चैन नसून योजनेच्या अस्तित्वाचीच अट होती. लहान गावाला जे जमले ते साताऱ्याच्या पालिकेला आणि सांगलीच्या महापालिकेला जमणार नाही, असे मानण्यास आधार नाही. शिवाय बाहेरच्या सल्लागारावर सर्व भिस्त ठेवण्यापेक्षा पालिकेने आपल्या पाणीपुरवठा विभागात दोन-तीन अभियंते टाक्यांच्या कामासाठीच घडवावेत, हा मार्ग दूरवर अधिक स्वस्त आहे. जुन्या काळी ओव्हरसियर या पदावरचा माणूस एकाच उपविभागात वर्षानुवर्षे राही आणि कोणत्या टाकीचा पाया कोणत्या थरावर आहे हे त्याला कागद न पाहता सांगता येई. आज बदल्यांमुळे ती स्मृती माणसात राहत नाही, म्हणून ती नोंदवहीत राहिली पाहिजे, आणि नोंदवही नीट राखणे हाही देखरेखीचा खर्चच आहे.

सातारा पालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका यांनी यापुढे टाकीच्या प्रत्येक निविदेबरोबर देखरेखीचे स्वतंत्र लेखाशीर्ष, टप्प्यांची यादी, दिवसांची कमाल मर्यादा आणि जलचाचणीच्या चौदा दिवसांची तारीख सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, ठोकळ्यांच्या चाचण्यांचे आणि हजेरीचे रजिस्टर कोणाही नागरिकाला पाहता यावे अशा ठिकाणी ठेवावे. आणि ही कागदपत्रे जोडलेली नसतील, तर नगरसेवकांनी टाकीचा विषय मंजूर न करता पुढच्या सभेपर्यंत तहकूब करावा.